जपान्याचं विमान अन् नंदाची सुपारी

माझ्या भावासमोर दोन वस्तू एका जागी ठेवू नका, एवढंच मी लोकांना सांगत आले. दोन घागरी ठेवा, दोन बैल बांधा, दोन भाकरी वाढा; हा माणूस आधी गप बसंल, मान वाकडी करून बघंल, अन् मंग तोंड उघडंल. एकदा त्यानं तोंड उघडलं की कोणाचं तरी वाटोळं झालंच म्हणून समजा. बद्रीनाथ त्याचं नाव. आमच्या धावड्यात त्याला हाक मारायच्या आधी माणसं इकडंतिकडं बघून घ्यायची, आपल्याजवळ जोडीनं काही न्हाई ना म्हणून.

अन् देवानं मला दिलं कुठं? त्याच गावात! माहेर वरच्या गल्लीत, सासर खालच्या गल्लीत. बाकीच्या बायकांना माहेरची याद येती, डोळ्याला पदर लागतो. माझं माहेर रोज सकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसायचं, भाकरी मोडायचं अन् म्हणायचं, "साळू, कालची पातळ व्हती, आजची कडेला जाड आलीय." अरे बाबा, खायची तर खा, न्हाईतर ऊठ! आमचे हे, म्हणजे नंदाचे वडील, गरीब माणूस. ते खाली मान घालून हसायचे, अन् त्याचा मला आणखी राग यायचा.

हे खूळ त्याला लहानपणापासून. आमच्या बापानं एकदा भोकरदनच्या बाजारात बैलजोडी विकायला नेल्ती. सौदा रुमालाखाली चालला व्हता, बोटाला बोट लागलं व्हतं, घेणारा राजी झाल्ता. त्यानं सहज इचारलं, "दोन्हीत चांगला कोणता?" बाप म्हणणार, दोन्ही सारखेच. तेवढ्यात हे पोरगं बाजूनं म्हणतं, "उजवा चांगला हाये. डावा वळताना खांदा चोरतो." त्या माणसानं रुमालातून हात काढून घेतला अन् निघून गेला. बापानं घरी आणून त्याला चोप दिला. मार खाऊन झाल्यावर डोळे पुसत काय म्हणला असंल? "पण चोरतो ना खांदा?"

पुढं त्याचं लगन झालं. आमची वहिनी झुंबरबाई, लई सोशीक बाई. पण पटकीच्या साथीत ती गेली, मागं पोरबाळ काही न्हाई. त्याचं शेतात मन लागंना, मंग तो जालन्याला कापसाच्या जिनिंगमधी कामाला गेला. तिथं त्याचा हात मशिनीवर बसला. लढाई सुरू झाली अन् भरतीवाले जालन्यात आले, तर हा बिलकुल कोणाला न इचारता नाव देऊन मोकळा. आम्हाला कळलं तवा तो शिकंदराबादला पोचल्ता. तिथून कुठं कुठं नेलं, शेवटी बरम्याच्या तोंडाशी, इंफाळ म्हणून गाव हाये तिथं. चार पावसाळे आम्ही देवापुढं दिवा लावून राह्यलो.

लढाई संपली अन् तो परत आला. लोक बघायला जमले की लढाईवरून काय आणलं. आणलं काय, तर एक वाकडा दाभण! याचं काम विमानाला ठिगळं लावायचं. विमानाच्या पाठीला कापड असतं, हे तवर आम्हाला ठाऊकच नव्हतं. गोळी लागून भोक पडलं की हा दाभण-दोरा घेऊन बसायचा, नवं कापड शिवायचा अन् वरून उग्र वासाचं रोगण फासायचा, मंग ते वाळून ताठ व्हायचं. गावातल्या टारगटांना आयतंच सापडलं. "काय बद्रीनाथ, लढाईत जाऊन गोधड्या शिवल्या व्हय?" असं त्याला पारावर बसून इचारायचे. त्याला त्याचं काही वाटायचं न्हाई. "गोधडीपेक्षा टाका बारीक लागतो," म्हणायचा.

अन् मंग सुरू झालं ते पुराण. मी माझ्या चुलतनणंदांची नावं इसरले असंन, पण ह्या तीन विमानांची नावं मला झोपेतबी येतील. एक हरिकेन, एक स्पिटफायर, अन् एक जपान्याचं. माझ्या चुलीपुढं बसून, माझ्याच वाट्या घेऊन तो ती विमानं उडवायचा. हरिकेन दणकट. चाळणी झालं तरी पोराला घेऊन घरी येतं, चाकं फाकलेली म्हणून ढेकळातबी उतरतं. पण चढायला जड अन् पळायला मंद. स्पिटफायर सरसर चढतं, पळतं, दिसायला देखणं. पण त्याची चाकं जवळजवळ, त्यामुळं खडबडीत जागी कलंडतं. अन् जपान्याचं हलकं. ते असं गर्रकन वळतं की दोन्हीच्या पाठीवर येऊन बसतं; पण अंगाला जाडी न्हाई, एक गोळी लागली की भडका.

पहिल्यांदा ऐकायला बरं वाटलं. आम्ही सगळे तोंडाचा आ करून बसलो व्हतो. पण रोज? चुलीवर कालवण, हातात पीठ, अन् हा म्हणतो, "साळू, समज ही वाटी जपान्याची, ही तुझ्या मागं लागली." मी म्हणायचे, "लागू दे मागं, एकदाची मला घेऊन जाऊ दे!" तर म्हणतो, "वळू नको. वळली की मेली. खाली सूर मार अन् सरळ पळ." नंदा माझी पोरगी, ती तेवढी मन लावून ऐकायची. मामा-भाचीचं गूळपीठ. ती इचारायची, "मामा, मंग सगळ्यांत भारी कोणतं?" अन् ह्याचं परत पहिल्यापासून सुरू.

आता ह्यात गावाचं येड वेगळं. लढाईच्या वेळी गावागावातून फंडाला धान्य गेल्तं. आमच्या रामराव पाटलांनी चावडीवर सांगितलं व्हतं की निजाम सरकारनं लढाईला विमानं दिलीत अन् त्यातलं एक धावड्याच्या ज्वारीचं हाये. कोणतं? तर बाजारातून कोणीतरी नाव आणलं, हरिकेन. झालं! हरिकेन आमचं. तिकडं पिंपळगाव रेणुकाईनंबी धान्य दिल्तं, त्यांच्या वाट्याला म्हणे स्पिटफायर आलं. ह्या दोन गावांत आधीच बैलांच्या शर्यतीवरून खुन्नस. आता ते विमानावर आले. एकानंबी ते विमान डोळ्यानं पाह्यलं नव्हतं, पण भांडायचे असे, जशी काही विमानं गोठ्यात बांधून ठेवलीत. बाजारात भेटले की, "काय म्हणतं तुमचं हरिकेन? लंगडतंय का?" "तुमचं स्पिटफायर उतरलं का अजून वरच लटकलंय?" मोठमोठ्या मिशांची माणसं, हातघाईवर यायची.

पोळ्याला तर हद्द केली. आमच्या कचरू सुतारानं लाकडाचं हरिकेन केलं, पुढं वाऱ्यानं फिरणारा पंखा. त्याला झेंडूची माळ घातली, गुलाल लावला, अन् पाटलांच्या मानाच्या बैलांच्याबी पुढं तोरणाखाली नेलं. मी ओवाळायचं ताट घेऊन उभी. पाटील म्हणले, "बद्रीनाथ, तू ह्याला सोताच्या हातानं शिवलंय. सांग गावाला, आपल्या हरिकेनला तोड न्हाई म्हणून." मी पाह्यलं, त्याची मान हळूच वाकडी झाली. मनात म्हणलं, मेलो आता.

"दणकटपणात तोड न्हाई," तो म्हणला. लोकांनी टाळ्या पिटल्या. तिथंच थांबावं की न्हाई माणसानं? "पण पळण्यात स्पिटफायर पुढं हाये."

वाजंत्री थांबली. "पिंपळगावचं?" पाटलांनी इचारलं.

"अन् वळण्यात जपान्याचं दोन्हीच्या पुढं."

त्या दिवशी बैल बिचारे तोरणाखाली तसेच उभे राह्यले अन् माणसं शिंगाला शिंग लावून भांडली. ज्यांच्याशी लढाई झाली त्यांचीच तारीफ, अन् तीबी सणाच्या दिवशी, गुलाल लावून! तवापासून गाव त्याला जपानी म्हणायला लागलं. पोरं माझ्या दारावरून जाताना वरडायची, "जपान्याची बहीण!" मी काठी घेऊन मागं पळायचे. अन् हा ओट्यावर बसून म्हणायचा, "साळू, तू सरळ चांगली पळतीस, वळताना मार खातीस."

बरं, हे सगळं मी सोसलं. पण पुढचं माझ्या पोरीवर बेतलं.

नंदाच्या उजव्या पायावरून लहानपणी बैलगाडीचं चाक गेल्तं. हाड बसलं, पण वाकडं बसलं. ती लंगडत चालती. कामाला वाघीण, बोलायला गोड, डोळे असे पाणीदार. पण पोरगी बघायला येणाऱ्यांना ते कुठं दिसतं? चहा प्यायचे, पोहे खायचे, अन् कोणीतरी म्हातारी म्हणायची, "जरा चालून दाखव गं बाई." ती ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. सगळे खाली बघायचे. "कळवतो," म्हणायचे अन् चपला घालायचे. किती स्थळं अशी गेली त्याचा हिशोब मी सोडून दिल्ता. शेवटी शेवटी पाहुणे गेले की नंदा रडायचीबी न्हाई, गुमान कपबश्या इसळत बसायची. ते मला जास्त लागायचं.

अन् अशात देव पावला. रेणुकाईच्या जत्रेत पिंपळगावच्या काकासाहेबांच्या पोरानं, भुजंगनं, तिला पाह्यलं. ती बांगडीवाल्याशी भांडून राह्यली व्हती, फुटकी बांगडी बदलून दे म्हणून. लंगडत त्याच्या मागं मागं गेली अन् बांगडी बदलूनच आली. पोरानं घरी जाऊन सांगितलं, करीन तर हीच. काकासाहेब मोठे बागायतदार, शब्दाचा माणूस पण मानाला लई जपणारा. त्यांना भोकरदनचं दुसरं एक तालेवार स्थळ सांगून आल्तं. पण पोरगं हटंना, मंग ते सुपारी फोडायला यायला राजी झाले. आता ओळखा, स्पिटफायरवरून पिंपळगावात सगळ्यांत मोठ्यानं कोण भांडायचं? हेच, काकासाहेब!

मी त्याच संध्याकाळी वरच्या गल्लीत गेले. भावाचा हात धरला अन् माझ्या डोक्यावर ठेवला. "दादा, सोयऱ्यांपुढं विमानाचं नाव काढलंस तर माझी शपथ हाये तुला."

"मी कशाला काढीन? लोकच इचारतात."

"इचारलं तरी न्हाई!"

"तोंडात गुळणी धरून बसू का मंग?"

"म्हणायचं, दोन्ही चांगली. काय लागतं रे एवढं म्हणायला?"

"पण दोन्ही सारखी न्हाईत ना, साळू." अशा काकुळतीनं म्हणला, की मला त्याला मारावं का सोताचं कपाळ बडवून घ्यावं ते कळंना. घरी ठेवून जावं म्हणलं तर तेबी जमणारं न्हाई. तो मामा. मामा बसल्याशिवाय सुपारी कशी फुटायची, अन् उद्या पोरीला बोहल्यावर कोण आणायचं?

ठरलेल्या दिवशी काकासाहेब आले. संगं त्यांची बायको चतुराबाई अन् चार भावकीतली माणसं. पोरगा रिवाजाप्रमाणं आला नव्हता. मी पहाटेपासून पुरण शिजवलं व्हतं. जेवणं चांगली झाली, काकासाहेबांनी दोनदा तूप मागून घेतलं. मंग अंगणात सतरंजीवर सगळे बसले. मधी पाट, पाटावर पान, पानावर सुपारी. नंदा आत माझ्या मागं, उंबऱ्याच्या आड. आमच्या ह्यांनी वरवंटा आणून पाटाजवळ ठेवला. आता फक्त उचलायचा अन् मारायचा. माझा जीव नुसता त्या वरवंट्यात.

काकासाहेबांनी पानाला चुना लावला अन् मिशीत हसले. "हे का ते विमान शिवणारे मामा?"

बद्री म्हणला, "हो." अन् गप बसला. मी मनातल्या मनात रेणुकाईला नारळ बोलले.

"मंग सांगा की, आमचं स्पिटफायर भारी का तुमचं हरिकेन? आम्ही लई ऐकलंय तुमच्याबद्दल."

बद्रीनं माझ्याकडं पाह्यलं. मी डोळे वटारले. "दोन्ही..." तो म्हणला, अन् अडकला. घशात काटा अडकावा तसं त्याचं तोंड झालं. "दोन्ही चांगली," म्हणला एकदाचा. कपाळावर घाम आल्ता त्याच्या.

आता पाहुण्यानं तरी सोडावं? पण न्हाई! "दोन्ही चांगली कशी? चांगलं एकच असतं. बराबर सांगा. तुम्ही खोटं बोलत न्हाई म्हणतात. आमचं स्पिटफायर सरस का न्हाई?"

"चढण्यात अन् पळण्यात सरस."

"ऐकलं का!" काकासाहेबांनी मांडीवर थाप मारली. भावकी खूष. मीबी मनात म्हणलं, चला, बरं झालं, ह्यातच निभावलं. मी नंदाला कोपरानं ढोसलं, पदर नीट कर म्हणून.

"पण उतरताना कलंडतं," माझा भाऊ म्हणला.

"कलंडतं?"

"खडबडीत जागी. चाकं जवळजवळ असतात ना. अन् जपान्यासंगं वळायला गेलं तर हरिकेनबी मरतं अन् तेबी मरतं. वळण्यात जपान्याचंच भारी."

काकासाहेबांच्या हातातलं पान तसंच राह्यलं. भावकीतला एक जण खुसखुसला, त्यानं तर आगीत तेलच पडलं. "म्हणजे आमच्या तोंडावर आमच्या गावाला हलकं करता? सोयरीक जोडायला बसलो न्हवं आपण?"

"हलकं न्हाई केलं. जे हाये ते सांगितलं."

आमचे हे मधी पडले. हात जोडून म्हणले, "काकासाहेब, जाऊ द्या. त्याची खोडच हाये ती." मी तर उंबऱ्यातून बाहेरच आले. सोयऱ्यांपुढं बाईनं बोलू न्हाई, पण काय करता? "दादा, म्हण ना, स्पिटफायर सगळ्यांत भारी! ते विमान गेलं कुठल्या कुठं, लढाई संपली, जपानी गेले. कोणाचं काय जाणार हाये?"

काकासाहेबबी जरा नरमले. खरं सांगते, त्यांना मोडायचं नव्हतं. चारचौघांत आपला शब्द वर राह्यला पाहिजे, एवढंच. म्हणले, "बरं, माझं एवढंच म्हणणं. एकदा मोठ्यानं म्हणा, आमच्या विमानापुढं जपान्याचं काही न्हाई. तुम्ही म्हणला की मी सुपारी फोडतो."

एवढं सोपं! एक वाक्य. माझ्या पोरीचा सगळा जलम त्या एका वाक्यावर येऊन थांबला व्हता. मी भावाकडं पाह्यलं. मंग त्यानं मान हलवली. "न्हाई म्हणता येत."

मेल्या! असा राग आला मला, की तो वरवंटा उचलून त्याच्याच डोक्यात घालावा. भाचीच्या लग्नापुढं तुला ते जपान्याचं विमान मोठं? तुझ्या जिभेला काय गळू झालंय? हे सगळं मी मोठ्यानं म्हणले की मनात, ते आता आठवत न्हाई. बहुतेक मोठ्यानंच.

काकासाहेब ताठ बसले. चेहरा लाल झाल्ता. मान गेला की माणूस कुठं हात घालील सांगता येत न्हाई. हळू आवाजात म्हणले, "ठीक. तुम्ही खरंच बोलणार. मंग एक इचारतो, तेबी खरंच सांगा. आम्हाला भोकरदनचं स्थळ आलंय. पोरगी गोरी, घर मोठं, दोन्ही पाय धड. अन् एक ही तुमची भाची. ह्या दोघींत सरस कोणती?"

"अहो!" चतुराबाई म्हणल्या. "काय इचारता हे?"

"इचारू दे. ह्यांना सगळ्याची बराबरी करता येती. सांगा, मामा."

माझ्या मागं नंदानं दाराची चौकट धरली, तिच्या बांगड्या वाजल्या तेवढ्या मी ऐकल्या. मी भावाला ओळखत व्हते. हा मान वाकडी करंल अन् म्हणंल, पाय भोकरदनच्या पोरीचा चांगला, डोळे आमच्या पोरीचे चांगले. पोरीच्या देखत तिचे तुकडे करून वजन करंल. मी मनात म्हणून राह्यले, दादा, आयुष्यात एकदा खोटं बोल. आपली सरस म्हण. लंगडी न्हाईच म्हण. काय वाटंल ते म्हण.

त्याची मान वाकडी झाली न्हाई. तो सरळ काकासाहेबांकडं बघत व्हता.

"मी माणसाची बराबरी करत न्हाई," तो म्हणला.

"का? सांगता येत न्हाई?"

"विमानाची करतो, कारण त्यात माणूस बसून जातो. तो परत यावा, म्हणून करतो. माणसाची कशासाठी करू, काकासाहेब?"

बद्री तसाच बोलत राह्यला. वाट्या नव्हत्या, हात मांडीवर पडले व्हते. मी कधी त्याला असं हात न हलवता बोलताना पाह्यलं नव्हतं.

"तिथं एक पोरगं व्हतं. बंगालकडलं. विमान चालवायला नवीनच आल्तं. मी शिवत बसलो की पंखाच्या सावलीत येऊन बसायचं. त्याला लई भेव वाटायचं, पण कोणाला सांगता येईना. एक दिवस निघायच्या आधी त्यानं मला इचारलं, आपलं हरिकेन जपान्यापेक्षा लौकर वळतं ना? मला ठाऊक व्हतं, वळत न्हाई. सगळ्यांना ठाऊक व्हतं. त्यालाबी शिकवलं असंल, पण भेवापुढं शिकवलेलं राहतं कुठं? मला वाटलं, आता न्हाई म्हणलं तर हे वर कसं जाईल? धीर यावा म्हणून म्हणलं, हो, आपलंच भारी. त्याला हसू आलं. माझ्या खांद्यावर थाप मारून गेला." तो थांबला. "संगं गेलेले दोघं परत आले. ते म्हणले, जपानी मागं लागला तर हे खाली सूर मारायचं सोडून त्याच्यासंगं वळत बसलं."

चार वर्षांचं सगळं त्यानं आम्हाला सांगितल्तं, दोऱ्याचा रंगसुद्धा. हे मात्र मला, सख्ख्या बहिणीला, कधी सांगितलं नव्हतं. अन् मी त्याला रोज म्हणत आले, एवढं खोटं बोलायला तुझं काय जातं.

"तुम्ही म्हणता तसं मला म्हणता येत न्हाई," बद्री म्हणला. "माझ्यामुळं पोरीचं मोडत असंल तर मी उठून जातो. लगनालाबी येत न्हाई. पण तिला कोणासंगं तोलू नका."

तो खरंच उठायला लागला. काकासाहेबांनी त्याचं मनगट धरलं अन् खाली बसवलं. बराच वेळ सोडलं न्हाई. मंग खाकरून इचारलं, "त्या पोराचं नाव काय व्हतं?"

विमानांवर दिवसभर बोलणारा माझा भाऊ. त्याला ते नाव काही तोंडातून काढता येईना. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. तिसऱ्यांदा म्हणला, "निखिल," अन् लहान पोरावानी रडायला लागला. मी तिथंच, सोयऱ्यांच्या देखत, त्याच्या शेजारी जाऊन बसले.

चतुराबाईंनी पदरानं डोळे पुसले अन् नवऱ्याकडं असं पाह्यलं, की त्यांनी मान खाली घातली. मंग काकासाहेबांनी वरवंटा उचलला. कोणाकडं न बघता एका घावात सुपारी फोडली. दोन तुकडे झाले, एक तुकडा उडून भावकीतल्या माणसाच्या मांडीवर पडला.

"पोरीला बोलवा," ते म्हणले.

नंदा चौकट सोडून निघाली. घाईघाईनं, लंगडणं दिसू नये म्हणून पाऊल ओढत, जशी ती प्रत्येक पाहुण्यापुढं यायची तशी. काकासाहेबांनी हात वर केला.

"सावकाश ये, पोरी," ते म्हणले. "आम्ही बसलोत."